नाशिकची भरदार तांबडी वाइन

बाजारांत द्राक्षें विकत घेतांना आपण तीन गोष्टी पाहतों. मणी टपोरा असावा, साल पातळ असावी आणि आंत बी नसावी. नाशिकच्या बागाइतदारानें आपली ही आवड ओळखून पिढ्यान् पिढ्या बाग राखली आहे. आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, तिच्या बाबतींत मात्र हे तीनहि गुण दोष ठरतात. ती वस्तु म्हणजे नाशिकच्या काळ्या द्राक्षांपासून होणारी उंची, भरदार तांबडी वाइन. तिला मणी लागतो तो बारीक, साल लागते ती जाड, आणि बीचेंहि तिला वावडें नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्या वेलीवर घड थोडे, ती वेल या कामीं अधिक मोलाची. खाण्याच्या द्राक्षांचा मळा आणि वाइनच्या द्राक्षांचा मळा एकाच बांधाच्या दोन बाजूंना असले तरी त्यांचे हिशेब असे परस्परविरुद्ध चालतात. हा विरोध कां उत्पन्न होतो, आणि त्याचा भार शेवटीं कोणाच्या खांद्यावर पडतो, हें समजून घेणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. वाइन प्यावी अशी शिफारस करण्याचा येथें हेतु नाहीं. मद्यार्काचें कोणतेंहि प्रमाण प्रकृतीला निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें जाहीर केलें आहे. आणि तांबडी वाइन हृदयाला हितकर असते, ही मध्यंतरीं पुष्कळ पसरलेली समजूत शास्त्रज्ञ आतां पूर्वीसारखी छातीठोकपणें सांगत नाहींत. परंतु जी वस्तु आपल्याच राज्यांत, आपल्याच शेतकऱ्यांच्या श्रमांतून तयार होते, तिची घडण जाणून घेण्यासाठीं ती चाखलीच पाहिजे असें नाहीं.

प्रथम ‘भरदार’ या शब्दाचा अर्थ पाहूं. पाणी, ताक आणि आटवलेलें दूध हे तीनहि पातळच पदार्थ. पण घोट तोंडांत घेतला म्हणजे प्रत्येकाचें वजन जिभेला निराळें लागतें. वाइनचेंहि असेंच आहे. कांहीं वाइन पाण्यासारखी हलकी लागते, तर कांहीं जिभेवर भरून राहते. हा भरीवपणा तीन गोष्टींनीं येतो. एक मद्यार्क, दुसरी, द्राक्षांतून उतरलेला रंग व इतर विरघळलेली द्रव्यें, आणि तिसरी म्हणजे टॅनिन या नांवानें ओळखलें जाणारें तुरट द्रव्य. टॅनिन आपल्या परिचयाचें आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, कोरा कडक चहा प्याल्यावर दांतांच्या मुळांशीं कोरडेपणा येतो, हिरड्याचा तुकडा चघळला असतां तोंडाला मिठी बसते, तो सारा टॅनिनचाच प्रभाव. हिरडा व बाभळीची साल चामडें कमावण्यास वापरतात तीहि याच द्रव्यासाठीं. भरदार तांबड्या वाइनमध्यें हा तुरटपणा हवा. पण तो कच्च्या फळाचा ओरबाडणारा तुरटपणा नसून पिकलेल्या जांभळासारखा मऊ असावा लागतो. या एका फरकासाठीं पुढची सारी खटपट आहे.

आतां हा रंग आणि हें टॅनिन द्राक्षांत कोठें असतें? काळें द्राक्ष सोलून पाहावें. आंतील गर हिरवट पांढरा असतो व त्याचा रसहि जवळजवळ रंगहीन निघतो. थोड्या जाती सोडल्या तर जगांतील बहुतेक काळ्या द्राक्षांची हीच स्थिति आहे. रंग सालींत, आणि टॅनिन सालींत व बियांत. म्हणून पांढरी वाइन करतांना रस पिळून साल बाजूला काढतात, आणि तांबडी वाइन करतांना रस सालीसकट आंबवितात. दोहोंतला मुख्य भेद तो हाच. यावरून बारीक मण्याचें महत्त्वहि ध्यानांत येईल. मण्याचा व्यास निम्मा झाला, कीं रसाच्या मानानें सालीचें प्रमाण दुप्पट होतें. टपोऱ्या मण्यांत पाणी फार आणि साल थोडी. त्याची वाइन फिकी व्हावी यांत नवल नाहीं.

नाशिकच्या भरदार वाइनला प्रामुख्यानें दोन जातींचीं द्राक्षें लागतात. पहिली शिराझ आणि दुसरी काबर्ने सोव्हिनयाँ. शिराझ हें नांव ऐकून पुष्कळांना इराणांतील त्याच नांवाच्या शहराची आठवण होते, आणि ही जात तेथूनच युरोपांत गेली अशी आख्यायिकाहि आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तींत ही जात फ्रान्समधील दोन जुन्या स्थानिक जातींच्या संकरांतून जन्मली असें ठरलें. तिचें फ्रेंच नांव सिरा. ऑस्ट्रेलियांत ती शिराझ झाली आणि त्याच नांवानें नाशिकांत आली. काबर्ने सोव्हिनयाँ ही फ्रान्सच्याच बोर्दो प्रांतांतली. काबर्ने फ्रां ही काळी आणि सोव्हिनयाँ ब्लां ही पांढरी जात यांच्या संकरांतून ती निघाली. शिराझमध्यें काळ्या मिऱ्याची झांक आणि रसाळपणा, तर काबर्नेमध्यें ताठ तुरटपणा व टिकाऊपणा, असे दोहोंचे स्वभाव आहेत. एकीचें अंग आणि दुसरीचा कणा घेऊन मिश्रण करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियांत जुनी आहे व नाशिकमध्यें ती चांगली रुजली आहे.

युरोपांतील हीं द्राक्षें नाशिकांत येतात तरी कशीं, असा प्रश्न सहज मनांत येईल. नाशिक सुमारें २० उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधांत आहे. आणि वाइनचे जुने प्रदेश तर साधारणपणें ३० ते ५० अक्षांशांच्या दरम्यान पसरलेले. तिकडे हिवाळ्यांत वेल झोंपी जाते, वसंतांत फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळ उतरतें. नाशिकांत वेलीला झोंप अशी लागतच नाहीं. तिला मोकळें सोडलें तर ती पानें वाढवीत राहील, आणि फळ आलेंच तर तें ऐन पावसाळ्यांत कुजून जाईल. यावर येथील बागाइतदारांनीं दोन छाटण्यांचा उपाय योजला. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करावयाची. तिनें नवी काडी तयार होते व पुढच्या घडांचें बीज त्या काडीच्या डोळ्यांत धरलें जातें. मग पावसाळा सरतांना, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, गोडी छाटणी करावयाची. तिनें घड बाहेर येतात. छाटण्या दोन, पण पीक एक. अशा रीतीनें जें फळ युरोपांत शरद ऋतूंत पिकतें, तें येथें हिवाळ्यांत पिकवून जानेवारीपासून मार्चपर्यंत उतरवितात. ही युक्ति वाइनवाल्यांनीं शोधून काढलेली नव्हे. खाण्याच्या द्राक्षांसाठीं ती आधींच सिद्ध झालेली होती. ओझरच्या परिसरांत १९२५ च्या सुमारास द्राक्षांची लागवड सुरू झाली, तेव्हांपासून जमलेल्या या अनुभवावरच पुढें वाइनचा मळा उभा राहिला.

हिवाळा साधण्यांत आणखीहि एक लाभ आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारींत दिवसा लख्ख ऊन असतें आणि रात्रीं कडाक्याची थंडी पडते. निफाडकडे तर थंडीच्या लाटेंत पारा चार-पांच अंशांपर्यंत उतरतो. दिवसाच्या उन्हांत पानें साखर तयार करतात. रात्र उष्ण असेल तर फळांतील आंबटपणा झपाट्यानें खर्च होतो, रात्र थंड असेल तर तो टिकून राहतो. साखर आणि आंबटपणा दोन्ही शाबूत असलेलें फळ वाइनला हवें असतें, आणि तें नाशिकच्या हिवाळ्यांत मिळतें.

येथपर्यंतची गोष्ट अनुकूल आहे. आतां अडचण सांगितली पाहिजे. पांढऱ्या वाइनचीं द्राक्षें लवकर उतरवितां येतात. काळ्या द्राक्षांना मात्र सालींतील टॅनिन मऊ होईपर्यंत वेलीवर थांबावें लागतें, आणि त्यांचे शेवटचे आठवडे फेब्रुवारी-मार्चमध्यें येतात. त्या वेळीं नाशिकचें ऊन दिवसेंदिवस चढत असतें. साखर भराभर वाढते, आंबटपणा ओसरूं लागतो, पण सालीचें पिकणें आपल्या संथ गतीनेंच चालतें. लवकर तोडावें तर तुरटपणा कच्चा राहतो. फार थांबावें तर वाइन जड, उग्र व मिळमिळीत होते. वाइनच्या द्राक्षांत साखरेचें मान ब्रिक्स या मापानें २३-२४ पर्यंत आलें म्हणजे ती पुरेशी झाली असें समजतात. पण मापकावरचा आंकडा सालीची गोष्ट सांगत नाहीं. म्हणून त्या दिवसांत मळ्याचा मालक व वाइन करणारा तज्ज्ञ रोज रांगांतून हिंडतात, मणी तोंडांत टाकून साल चावतात आणि बी हिरवी आहे कीं तपकिरी झाली आहे तें पाहतात. चार दिवसांची चूक वर्षभराच्या मालांत उतरते. आणि याच दिवसांत अवकाळी पाऊस वा गारा आल्या, तर सारेंच हातचें जातें. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीनें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांची काय दैना केली, तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. वेलीचें बळ मर्यादित असतें. पानांनीं केलेली साखर पन्नास घडांत वांटली जाईल किंवा वीस घडांत. वीसांत वांटली तर प्रत्येक मणी वेळेवर व पुरा पिकतो, पन्नासांत वांटली तर सगळेच अर्धेकच्चे राहतात. खाण्याच्या द्राक्षांत एकरीं दहा टन किंवा त्याहून अधिक पीक हें चांगल्या बागाइतीचें लक्षण समजतात. भरदार तांबड्या वाइनसाठीं मात्र एकरीं तीन-चार टनांवर मालक स्वखुषीनें थांबतो. त्यासाठीं पाणी हात राखून दिलें जातें, आणि मण्यांत पाणी उतरून त्यांचा रंग पालटूं लागण्याच्या सुमारास जादा घड कापून जमिनीवर टाकले जातात. ज्या शेतकऱ्याच्या बापानें व आजानें मांडव घडांनीं लोंबत असावा एवढाच ध्यास धरला, त्याला आपल्या हातानें धड घड मातींत टाकणें किती जड जात असेल, याची कल्पना शहरांत बसून येणें कठीण आहे. कृषिशास्त्रानें त्याला हें पटवून देतां येईल. पण गमावलेल्या सहा-सात टनांची भरपाई कोण करणार, हा प्रश्न शास्त्राचा नसून व्यवहाराचा आहे.

त्या व्यवहाराकडे येण्यापूर्वीं, राखलेल्या फळाचें पुढें काय होतें तें थोडक्यांत पाहूं. तोडणी उजाडतां उजाडतां, थंडी असतांनाच, हातानें करतात. घड कारखान्यांत आले कीं देंठ वेगळे काढून मणी हलकेच चेंगरतात आणि साल, बी व रस हें सर्व एकत्र पोलादी टाकींत भरतात. तेथें यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखरेवर काम करूं लागतात. साखरेचा मद्यार्क होतो, कर्बवायु निघून जातो व उष्णता उत्पन्न होते. लिटरमागें सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे शेंकडा एक मद्यार्क येतो. या हिशेबानें पुऱ्या पिकलेल्या द्राक्षांची वाइन शेंकडा १३-१४ पर्यंत पोंचते. उष्णता फार वाढली तर यीस्ट मरतें व वासहि उडून जातात. म्हणून टाकीभोंवतीं थंड द्रव खेळवून तांबड्या वाइनचें उष्णतामान साधारण २५ ते ३० अंशांच्या आंत ठेवतात. वायूच्या जोरानें साली वर तरंगून त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसांतून दोन-तीन वेळां खालीं दाबावा लागतो, किंवा खालचा रस उपसून त्यावर सोडावा लागतो. नाहीं तर रंग व टॅनिन उतरत नाहीं आणि वरचा थर आंबून त्याचा शिरका होऊं लागतो. हें काम एक ते तीन आठवडे चालतें. नंतर चोथा पिळून वाइन वेगळी करतात.

यानंतर तांबड्या वाइनमध्यें दुसरा बदल घडवून आणतात, तो आपल्या स्वयंपाकघरांतल्या विरजणाची आठवण करून देणारा आहे. द्राक्षांत हिरव्या सफरचंदांत आढळणारें तीक्ष्ण आम्ल असतें. विरजणांतल्या जंतूंच्याच जातकुळींतले जंतु त्या आम्लाचें रूपांतर दह्यांतील सौम्य आम्लांत करतात. वाइनचा चुरचुरीतपणा जाऊन तिला गोलाई येते, ती बरीचशी यामुळें.

मग पाळी येते ओक नांवाच्या झाडाच्या लांकडी पिंपांची. हीं पिंपें फ्रान्स वा अमेरिका येथून येतात. नेहमींच्या पिंपांत २२५ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या मावतात. लांकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेचा अंश आंत जात राहतो, त्यानें टॅनिनचे कण एकमेकांशीं जोडले जाऊन तुरटपणा मवाळ होतो. आणि आंतून भाजलेलें लांकूड व्हॅनिला, लवंग व धुरी यांची आठवण करून देणारा गंध देतें. थोडी वाइन उडूनहि जाते, म्हणून पिंपें वरचेवर भरून काढावीं लागतात. नवें पिंप तीन-चार वेळां वापरलें म्हणजे त्याचा गंध जवळजवळ संपतो व दुसरें आणावें लागतें. अशा पिंपांत उंची वाइन साधारण वर्ष-दीड वर्ष राहते. त्यानंतर बाटलींत आणखी कांहीं महिने विसांवते.

आतां हिशेब मांडूं. एकरीं तीन टन द्राक्षें मिळालीं आणि बाटलीमागें सुमारें सवा किलो द्राक्षें लागलीं असें धरलें, तर एका एकरांतून २,४०० बाटल्या, म्हणजे आठ पिंपें माल निघतो. वेल लावल्यावर उपयोगी पीक येण्यास दोन-तीन वर्षें जातात. पीक आल्यावर गोडी छाटणीपासून विक्रीपर्यंत आणखी दोन-अडीच वर्षें. म्हणजे जमिनींत घातलेला पहिला रुपया पांच-सहा वर्षांनीं तोंड दाखवितो. शेजारचा खाण्याच्या द्राक्षांचा शेतकरी दरवर्षीं माल विकून मोकळा होतो. भाव पडला तर बेदाणा करूनहि तो नुकसान थोडें आवरूं शकतो. वाइनच्या द्राक्षाला ती वाट नाहीं. बारीक मणी, जाड साल व आंत बी असें द्राक्ष मंडईंत कोण घेणार? त्याला एकच गिऱ्हाईक, तें म्हणजे वाइनचा कारखाना. कारखान्याचें दार बंद झालें तर फळ वेलीवरच राहतें.

हें दार बंद झाल्याचा अनुभव महाराष्ट्रानें घेतलेला आहे. आपल्या राज्यांत आधुनिक वाइनचा उद्योग १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें ठळकपणें पुढें आला. नाशिकांत त्याला खरा जोर आला तो राजीव सामंत यांच्या ‘सुला’मुळें. अमेरिकेंत शिकून व नोकरी करून परतलेल्या सामंतांनीं घरच्या जमिनीवर १९९७ मध्यें वाइनच्या वेली लावल्या. केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या तज्ज्ञाचें साहाय्य घेतलें, आणि सन २००० मध्यें पहिला माल बाजारांत आणला. ‘सुला’ हें नांव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नांवावरून घेतलेलें आहे. सन २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून वाइनला करांत सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्योगासाठीं खास वसाहती काढल्या. पुष्कळ शेतकऱ्यांनीं करारावर वाइनचीं द्राक्षें लावलीं व बऱ्याच कुटुंबांनीं स्वतःचे छोटे कारखाने उभारले. परंतु २००८ मध्यें जगभर आर्थिक मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला, परदेशी प्रवासी व हॉटेलांचा धंदा रोडावला, आणि वाइनची मागणी घसरली. टाक्या जुन्या मालानें भरलेल्या असतांना नवें पीक घेणार कोण? पुढील एक-दोन वर्षांत अनेक शेतकऱ्यांनीं उभ्या वेली उपटून काढल्या आणि कित्येक लहान कारखाने बंद पडले. वेल उपटणें म्हणजे हंगाम बुडणें नव्हे. वेल धड राहिली असती तर जीं पंधरा-वीस वर्षें तिनें दिलीं असतीं, तीं बुडणें होय.

या पार्श्वभूमीवर ‘एका कुटुंबाच्या मालकीचा मळा’ या शब्दांना अर्थ येतो. बाटलीवर ते वाचले कीं आपल्याला त्यांत घरगुतीपणाची ऊब वाटते. पण त्यांतील खरी गोष्ट निराळी आहे. वेल आणि वाइन एकाच मालकाची असली, तर घड कापून टाकण्याचा निर्णय आणि त्यापासून होणारा तोटा व लाभ हे तीनहि एकाच घरांत राहतात. वजनावर पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याला घड कापावयास सांगणें म्हणजे त्याच्या पदरचे पैसे कापणें आहे. स्वतःच्या वाइनसाठीं घड कापणाराला मात्र तेच पैसे पुढें बाटलींतून परत मिळण्याची आशा असते. एखादें वर्ष वाईट गेलें तर त्या वर्षीं उंची वाइन काढावयाचीच नाहीं, असेंहि तो ठरवूं शकतो.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरांतील ‘यॉर्क’ हें याचें चांगलें उदाहरण आहे. गुरनानी कुटुंबानें तें या शतकाच्या पहिल्या दशकांत उभारलें. घरांतील कैलास गुरनानी यांनीं ऑस्ट्रेलियांत ॲडलेड येथें वाइनशास्त्राचें शिक्षण घेतलें व वाइन करण्याचें काम स्वतःकडे घेतलें. बंधु रवि यांनीं व्यवहार पाहिला. त्यांची ‘आरोस’ नांवाची वाइन शिराझ व काबर्ने सोव्हिनयाँ यांचें मिश्रण असून ती ओकच्या पिंपांत मुरविलेली असते. भरदार तांबडी वाइन नाशिकांत होऊं शकते काय, अशी शंका घेणारांना ज्या थोड्या वाइन पुढें करून उत्तर देतां आलें, त्यांत तिची गणना होते. निफाड तालुक्यांत कुंदेवाडी येथें पाटील कुटुंबानें उभारलेल्या ‘रेव्हेलो’नेंहि असाच मार्ग धरला, तेथें शिराझ व काबर्नेबरोबर नेरो द’आव्होला ही सिसिली बेटांतील काळी जातहि लावली गेली.

परंतु कुटुंबाची मालकी ही कांहीं अभेद्य तटबंदी नव्हे. पांच-सहा वर्षें पैसा अडकवून ठेवणें, परदेशी पिंपें आणणें, दर राज्याच्या निराळ्या अबकारी नियमांना तोंड देणें आणि दुकानांतून आपला माल पुढें ठेवविणें हें लहान घराला जड जातें. सन २०२१ मध्यें ‘यॉर्क’ ‘सुला’च्या मालकीचें झालें, आणि घरच्या जमिनीवर सुरू झालेली ‘सुला’ स्वतः डिसेंबर २०२२ मध्यें भागबाजारांत उतरली व तिचे भाग सर्वसाधारण जनतेच्या हातीं गेले. यांत कोणाला दोष देण्याचें कारण नाहीं. मोठ्या संस्थेजवळ भांडवल असतें, वाईट वर्ष सोसण्याची ताकद असते, आणि करारावरील शेतकऱ्यांना नियमित भाव देण्याची क्षमताहि असूं शकते. प्रश्न एवढाच आहे, कीं दर तिमाहीला नफ्याचा आंकडा मागणाऱ्या भागधारकाला, वेलीवरचे निम्मे घड कां कापले, हें पटवून देण्याचें धैर्य पुढेंहि टिकेल काय? तें टिकावयाचें असेल तर शेतकऱ्याला वजनावर नव्हे, तर गुणावर आणि क्षेत्रावर मोबदला मिळाला पाहिजे. म्हणजे कमी पिकविल्याबद्दल त्याला दंड न होतां दाम मिळेल. वाइनच्या जुन्या देशांतून एकरावर मोबदला ठरविण्याची पद्धत उंची द्राक्षांसाठीं कांहीं ठिकाणीं रूढ आहे, आणि नाशिकांतहि तिचा विचार होणें इष्ट आहे.

शेवटीं आपल्यासारख्या शहरांतील कुटुंबांच्या दृष्टीनें दोन शब्द. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा आजहि लागू आहे, आणि मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हें पुष्कळांच्या लक्षांतहि नसतें. ज्या घरीं ही वस्तु येतच नाहीं, त्या घराचें कांहीं अडत नाहीं. ज्या घरीं पाहुणचारापुरती ती येते, तेथें निदान ती कशी वाचावी हें ठाऊक असावें. बाटलीवर द्राक्षाची जात, पिकाचें वर्ष आणि मळ्याचें ठिकाण स्पष्ट दिलें आहे काय, तें पाहावें. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवाला भौगोलिक चिन्हांकनाचें संरक्षण मिळालेलें आहे. या नांवाला कायद्यानें एक अर्थ दिलेला आहे. तांबडी वाइन ‘खोलीच्या उष्णतामानास’ द्यावी हा नियम युरोपांतील थंड घरांचा आहे. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यांत खोली ३० अंशांवर असते व त्यांत मद्यार्काचा उग्र वास तेवढा पुढें येतो. म्हणून बाटली थोडा वेळ थंड करून १६ ते १८ अंशांवर आणावी. तिखटजाळ रश्शाबरोबर तुरटपणा व मद्यार्क दोन्ही अधिक बोंचतात. सौम्य मसाल्याच्या पदार्थांशीं तिचें अधिक जमतें. बाटली उघडल्यावर हवेनें वाइन दोन-तीन दिवसांत उतरते, तेव्हां ती जपून ठेवण्याचा मोह व्यर्थ आहे.

आणि किंमत पाहून ती अवाच्या सवा आहे असें वाटलें, तर त्या किंमतींत कर, पिंपें आणि दुकानदाराचा नफा यांच्याबरोबर आणखीहि एक रक्कम असावयास हवी हें ध्यानांत घ्यावें. ती म्हणजे वेलीवरून कापून मातींत टाकलेल्या घडांची. ती रक्कम ज्यानें घड कापले त्याच्यापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे. नाशिकच्या उतारांवर पुन्हां वेली उपटण्याची पाळी येऊं नये असें वाटत असेल, तर हा प्रश्न विचारणारीं गिऱ्हाइकें वाढलीं पाहिजेत.